एवढे आवाज येतात कुठून?

आठवडी बाजारात, पालकसभेत, शिक्षण परिषदेच्या जेवणाच्या सुट्टीत, कुठेही भेटा, प्रश्न हाच असतो : "मॅडम, एवढे आवाज कसे काय काढायलाव? गळा बसत नाही का?" मी हिंगोली जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत दुसरीच्या लेकरांना शिकवते. गोष्ट सांगताना कोल्हा, कावळा, बेडूक, म्हातारी असे सगळे जण माझ्या तोंडून बोलतात, एवढीच माझी ख्याती. तुम्ही विचारलंत म्हणून आज नीट सांगते.

पहिला धडा रायरंदाकडून, म्हणजे बहुरूप्याकडून मिळाला. माझ्या लहानपणी सुगी झाली की तो गावात यायचा आणि आठ दिवस रोज नवं सोंग घेऊन दारोदार फिरायचा. शेवटच्या दिवशी ज्वारी मागायचा. एकदा मी त्याला मारुतीच्या देवळामागे सोंग बदलताना पाहिलं. फौजदाराची टोपी त्याने पिशवीत ठेवली आणि डोक्यावरून जुनं लुगडं घेतलं. मग आधी पाठ वाकली. गुडघे किंचित दुमडले. ओठ दातांवरून आत गेले. हात थरथरायला लागला. आवाज सगळ्यात शेवटी आला, आणि आला तो म्हातारीचाच. वेगळा काढावाच लागला नाही.

दुसरा धडा एका अमेरिकन माणसाचा. त्याचं नाव मेल ब्लँक. कार्टून नेटवर्क आपल्याकडे १९९५ साली सुरू झालं. पुढे आम्ही वसमतला राहायला गेलो, तेव्हा शेजाऱ्यांकडे केबल होती. कार्टून इंग्रजीत. मला नुकतीच एबीसीडी येऊ लागलेली, शब्द एक कळत नव्हता. पण ससा शहाणा आहे, बदक जळकुटं आहे, पिवळं पाखरू दिसतं तेवढं भोळं नाही, हे सगळं कळत होतं. नुसत्या आवाजावरून! सुरुवातीच्या पाटीवर एकच नाव पुन्हा पुन्हा यायचं. मी ते अक्षर अक्षर जुळवून वाचलं. ससा, बदक, डुक्कर, बोका, पाखरू, म्हणजेच बग्स बनी, डॅफी, पोर्की, सिल्वेस्टर आणि ट्वीटी, हे सगळे एकच माणूस बोलतो हे समजलं, त्या रात्री मला झोप लागली नव्हती.

ब्लँक १९०८ साली सॅन फ्रान्सिस्कोत जन्मला आणि पोर्टलंडमध्ये वाढला. आधी रेडिओ, मग १९३७पासून वॉर्नर ब्रदर्स या सिनेमा कंपनीची कार्टून्स. त्याने पगारवाढ मागितली, ती मिळाली नाही. तेव्हा तो म्हणाला, निदान पडद्यावर माझं नाव तरी द्या. म्हणून ती पाटी. त्याच्या बरोबरीने बोलणाऱ्या बाकीच्यांची नावं कित्येक वर्षं पडद्यावर आलीच नाहीत, हे मला नंतर कळलं आणि फार लागलं.

त्याची कामाची रीत मात्र रायरंदाचीच. आधी चित्र बघायचं, हा प्राणी उभा कसा राहतो, चालतो कसा ते बघायचं, मग बोलायचं. बग्स बनी चलाख आणि थोडा मवाली दिसतो, म्हणून त्याला न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन आणि ब्राँक्स या दोन भागांची बोली मिसळून दिली. मी हे सरळ उचललं. माझा कोल्हा पुस्तकातली गोडगोड भाषा बोलतो आणि कावळा "काय करायलास बे?" म्हणतो. कोल्हा लबाड आहे हे लेकरांना सांगावंच लागत नाही.

बग्सचं गाजर ब्लँक खरंच चावायचा. पण पुढचं वाक्य लगेच म्हणायचं असायचं, गिळायला वेळ कुठला? म्हणून चावलेलं थुंकून टाकायचा. डॅफी आणि सिल्वेस्टर यांचे आवाज मुळात जवळजवळ एकच, डॅफीचं ध्वनिमुद्रण फक्त वेग वाढवून ऐकवायचे. जॅक बेनी या विनोदी नटाच्या रेडिओ कार्यक्रमात तर तो खटारा मोटार व्हायचा : खोकत, धापा टाकत, चालू होता होता बंद पडणारी. आमच्या वर्गातला एक पोरगा थंडीतली पहाटेची एसटी अशीच काढतो. त्याला मी ब्लँकची गोष्ट सांगितली तेव्हा तो दिवसभर हवेत होता.

आणि गळा? ब्लँकचाही दुखायचा. योसेमिटी सॅम या ओरडणाऱ्या बुटक्याचा आवाज त्याला सगळ्यात जड जायचा. म्हणून सांगते, राक्षसाची गोष्ट मी शेवटच्या तासाला ठेवते आणि कोमट पाण्याची बाटली जवळ असते.

२४ जानेवारी १९६१ला लॉस एंजेलिसमध्ये त्याच्या मोटारीला भीषण अपघात झाला. दोन आठवड्यांवर तो बेशुद्ध होता, कुणाच्याही हाकेला ओ देईना. शेवटी एका डॉक्टरने विचारलं, "बग्स बनी, आज कसं वाटतंय?" आणि त्याने सशाच्या आवाजात उत्तर दिलं. पुढे अंगभर प्लास्टर असताना, घरी पलंगावर पडून, त्याने 'द फ्लिंटस्टोन्स' या कार्टून मालिकेतल्या बार्नीला आवाज दिला. १९८९ साली गेला, तोवर आवाज देतच होता.

एक गोष्ट मात्र मला सुखाने बसू देत नाही. पोर्की हे अडखळत बोलणारं डुक्कर आधी 'जो डॉहर्टी' नावाचा नट बोलायचा. तो खराच तोतरा होता. अडखळणं त्याच्या हातात नव्हतं, मुद्रण लांबायचं, खर्च वाढायचा. म्हणून त्याला काढलं आणि ठरवून अडखळू शकणारा ब्लँक आला. ब्लँकवर माझा जीव आहे, पण डॉहर्टीला विसरणं मला जमत नाही, कारण माझ्या वर्गातही एक लेकरू अडखळतं. हजेरी देताना "हजर"मधल्या ह वर त्याचा श्वास अडकतो.

मागच्या शनिवारी सकाळच्या शाळेत विहिरीतल्या बेडकाची गोष्ट होती. बेडूक कोण होणार, विचारलं. तो उठला. फरशीवर उकिडवा बसला, तळवे टेकले, गाल फुगवले, मान खाली घातली. बराच वेळ तसाच बसला. मग बेडूक बोलला, चार वाक्यं, एकही अक्षर न अडता. वर्ग गप्प झाला.

घंटा झाली, दप्तर पाठीला लावून तो माझ्या टेबलाशी आला. "मॅडम, सोमवारी क... क..."

बाकीची लेकरं दारातून त्याला हाका मारत होती. मी हातातला खडू खाली ठेवला आणि थांबले.

"...कासव मी होऊ का?"