टायलेनॉलचा तास
आज जनसंपर्काच्या (पीआरच्या) तासाला टायलेनॉल या वेदनाशामक औषधाचं प्रकरण घेतलं. १९८२, शिकागो परिसर. कुणीतरी कॅप्सूलमध्ये सायनाइड मिसळलं आणि ७ माणसं गेली. भेसळ कारखान्यात नव्हे, दुकानांत झाल्याचं तपासात दिसत होतं. हे औषध विकणाऱ्या जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीला हात झटकता आले असते. त्यांनी उलट लोकांनाच सांगितलं, आमची गोळी घेऊ नका. देशभरातून सुमारे ३ कोटी १० लाख बाटल्या परत मागवल्या, १० कोटी डॉलरहून जास्त झळ सोसली आणि त्याच वर्षी तिहेरी सील लावून औषध पुन्हा बाजारात आणलं.

एका मुलीने विचारलं, "मॅडम, यात पीआर कुठे आहे? त्यांनी तर फक्त योग्य ते केलं." फार आवडला मला हा प्रश्न! मग ॲरिस्टॉटलपर्यंत मागे गेलो: मन वळवण्याची त्याने सांगितलेली तीन साधनं म्हणजे बोलणाऱ्याचं चारित्र्य, ऐकणाऱ्याच्या भावना आणि युक्तिवाद. माझ्या मते पहिलं नसेल तर उरलेली दोन्ही लंगडीच पडतात.

पुढच्या तासाला आधुनिक जनसंपर्काचा एक प्रणेता, आयव्ही ली. वृत्तपत्रांना माहिती उघडपणे आणि अचूक द्यायची, हे त्याने १९०६ मध्येच लेखी जाहीर केलं होतं.