केस की ट्रॅक? एका वनलाइनचे सात ड्राफ्ट

अर्ध्या तासाच्या क्राइम मालिकेत गोष्टीच्या वाट्याला साधारण २२ मिनिटं येतात. जाहिरातींना तासाला १२ मिनिटांची मर्यादा आहे आणि ती पुरेपूर वापरली जाते. तीन ब्रेक, म्हणजे चार तुकडे, १४ ते १६ सीन. तेवढ्यात केस उघडायची, सोडवायची आणि नायिकेच्या, म्हणजे पीआय (पोलीस निरीक्षक) बाईंच्या, घरचा ट्रॅकही, म्हणजे घरची उपकथाही, पुढे सरकवायची. कथा दोन दिवसांत झाली, संवाद चार दिवसांत. मधलं वनलाइनचं, म्हणजे सीनवार आराखड्याचं, अप्रूव्हल मात्र पावणेदोन महिने चाललं. ते मेल आजही उघडले की डोकं तापतं.

केस अशी. तालुक्याच्या गावात सोनाराकडचा कारागीर बेपत्ता होतो, रविवारी विहिरीत मृतदेह सापडतो. शेजारची म्हातारी सांगते, ‘बाजाराच्या दिवशी सांजच्याला मास्तर आल्ता त्याच्याकडं.’ बाजार गुरुवारचा. पण त्या गुरुवारी मतदान होतं, आणि मास्तर बुधवारीच साहित्य घेऊन दूरच्या केंद्रावर गेलेला, गुरुवारी मध्यरात्री परतलेला. कागदोपत्री पक्कं. म्हणजे म्हातारीच चुकतेय, असं सगळे धरून चालतात. खरी गोम ही की मतदानामुळे त्या आठवड्यात बाजार शुक्रवारी भरला होता. मतदानाच्या दिवशीचा आठवडी बाजार बंद ठेवायचा किंवा दुसऱ्या दिवशी भरवायचा आदेश जिल्हाधिकारी काढतात, हे गावाकडे शेंबडं पोरही सांगेल. मीटिंगमध्ये ते पटवून देण्यात एक तास गेला.

घरचा ट्रॅक: बाईंचे वडील विसरायला लागलेत, आणि बाईंना ते मान्य करायचं नाही.

पहिल्या ड्राफ्टमध्ये घरचे चार सीन होते, मिळून साडेपाच मिनिटं. शेरा आला, ‘केस मस्त, पण घरी गेलो की गोष्ट थांबते.’ दुसऱ्यात दोनच सीन ठेवले. ‘आता बाईंशी कनेक्ट होत नाही.’ तिसऱ्यात पुन्हा चार, पण आखूड. ‘पहिल्यासारखंच वाटतंय.’ वाटणारच, तेच होतं! चौथ्यात मी ती पळवाट काढली जी सगळेच कधी ना कधी काढतात: तपास चालू असताना घरून फोन. मोबाइल वाजतो, चेहरा पडतो, ‘नंतर बोलते.’ प्रत्येक फोनला २० सेकंद जातात आणि हाती काही लागत नाही, कारण फोन आला नसता तरी तपास तसाच चालला असता. क्रिएटिव्ह टीमनं पास केलं, वरच्यांनी परत पाठवलं: ‘फोन फार आहेत.’ या एका वाक्यासाठी अकरा दिवस थांबवलं होतं.

अडकायचं कारण आता स्पष्ट दिसतं. दोन्हीकडून मिनिटांची घासाघीस चालली होती, मंडईत भाव करावा तशी. घरचा एखादा सीन काढला तर केसमध्ये काय मोडतं, हे कुणी विचारत नव्हतं. मीही नाही. आता माझी कसोटी हीच. वनलाइनवर घरचे सीन लाल पेनानं खोडायचे आणि केस वाचायची. ती तरीही सुटत असेल, तर ते सीन आज ना उद्या उडणार; कागदावर नाही तर एडिटला.

पाचव्या ड्राफ्टमध्ये घरचे दोनच सीन ठेवले, पण केसच्या सांध्यावर. सीन दोन, मृतदेह सापडण्याच्या दोन दिवस आधीचा. वडील पिशवी घेऊन दारात उभे. ‘बाजाराला निघालोय.’ बाई बूट चढवता चढवता म्हणतात, ‘बाबा, आज शुक्रवार. बाजार काल होता.’ ते काही न बोलता पिशवी खुंटीला अडकवतात. ४० सेकंद. प्रेक्षकाला हा निव्वळ घरगुती सीन वाटतो, आणि तसाच वाटायला हवा. सीन सातमध्ये बाई म्हातारीला त्याच सुरात दुरुस्त करतात, ‘आजी, तो गुरुवारी गावात नव्हताच,’ आणि तिचा जबाब बाजूला ठेवतात. वडिलांना रोज दुरुस्त करायची सवय तपासात शिरते, आणि दुसरा ब्रेक या चुकीवर पडतो. सीन बारा: खुंटीवरच्या त्याच पिशवीत सुकून काळी पडलेली मेथीची जुडी. म्हणजे वडील त्या शुक्रवारी बाजाराला जाऊन आले होते. बाजार होता. पुढे संवाद नाही, त्या सरळ म्हातारीच्या घरी. एकूण घर दोन मिनिटं दहा सेकंद. त्यानंतर ‘कनेक्ट होत नाही’ हा शेरा आला नाही.

हे काही नवं नाही. ‘सीआयडी’त दया दरवाजा तोडायचा तेव्हा त्याचा स्वभाव तपासातच दिसायचा, त्यासाठी त्याच्या घरी जावं लागत नव्हतं.

सहाव्या ड्राफ्टला एक रास्त प्रश्न आला, तो मान्य करतो: बाजार हलला हे ठाण्यात कुणालाच कसं माहीत नाही? उत्तर निवडणुकीतच होतं. एका जिल्ह्यात तीन वर्षं झालेल्या अधिकाऱ्यांना निवडणुकीआधी हलवतात, म्हणून बाई गावात नव्या, आणि शुक्रवारी मतदान यंत्रांच्या बंदोबस्तावर. जुना हवालदार बंदोबस्ताला दुसऱ्या तालुक्यात. ही दोन वाक्यं पहिल्या तुकड्यातच टाका; शेवटी टाकली की सारवासारव वाटते.

सातवा ड्राफ्ट प्रॉडक्शनमुळे. ठाण्याचा सेट उभाच असतो, म्हणून म्हातारीला ठाण्यात बोलवा म्हणाले. सक्तीनं बोलावणं कायद्यात बसत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ प्रमाणे साक्षीदार बाईला तिच्या राहत्या जागेबाहेर हजर राहायला पोलीस भाग पाडू शकत नाहीत. जुन्या कायद्यातही हेच होतं. तोड अशी निघाली: वडिलांच्या घराचं लोकेशन, त्याचीच मागची खोली म्हातारीचं घर, दोन्ही एका दिवसात. उलट दोन्ही घरांचा पोत सारखा दिसला, तो फायदाच.

जबाबाच्या सीनमध्ये ‘इथे सही करा’ लिहू नका. पोलिसांपुढच्या जबाबावर साक्षीदाराची सही घेत नाहीत. शेवट नुसत्या कबुलीवर करू नका. पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही, आरोपीनं दाखवलेल्या जागेवरून काहीतरी निघायला हवं. ठाण्यात त्याला मेमोरंडम पंचनामा म्हणतात. आणि खुनाचं कलम आता ३०२ नाही, १०३. जुना आकडा कानाला कितीही ओळखीचा असला तरी.

हे आधी सांगायला हवं होतं: मीटिंगमध्ये तोंडी आलेला प्रत्येक शेरा त्याच संध्याकाळी मेलवर लिहून पाठवा, ‘आज असं ठरलं’ म्हणून. मी तिसऱ्या ड्राफ्टपासून ते सुरू केलं. पहिल्यापासून केलं असतं तर तिसरा ड्राफ्ट लिहावाच लागला नसता. आणि वनलाइनमध्ये प्रत्येक सीनपुढे सेकंद लिहा, म्हणजे ‘घर फार आहे’ म्हणणाऱ्याला बेरीज दाखवता येते.

वडिलांचं काम करणाऱ्या नटाच्या महिन्याला दोनच तारखा होत्या, म्हणून पुढच्या तीन भागांचे घरचे सीनही त्याच दिवशी उरकले. कपड्यांची यादी भागवार करून ठेवा, नाहीतर शुक्रवारचा सदरा पुढच्या महिन्यात दिसतो.

एडिटला भाग २३ मिनिटं १० सेकंदांचा भरला. ७० सेकंद काढायचे होते, आणि पहिलं बोट अर्थातच घरावर ठेवलं गेलं. सीन दोन काढून बघितला, तर सीन बारात मेथी कुठून आली ते कळेना. तो परत लावला. मग ठाण्यातल्या चहाचा सीन आणि जीपचे दोन शॉट गेले.