एकशे चाळीसचा राउंड

फ्लँजला, म्हणजे जोडाच्या समोरासमोरच्या दोन कडांना, आठ स्टड (नट लावून आवळायचे आट्यांचे दांडे), मध्ये गळती अडवणारं गास्केट ग्रॅफाइटचं. शेवटचा टॉर्क, म्हणजे नट आवळण्याचा पिळाचा जोर, 200 न्यूटन-मीटर, तो तीन राउंडमध्ये द्यायचा: 60, 140, 200. स्टडना गोलाकार ओळीने 1 ते 8 धरायचं आणि प्रत्येक राउंड समोरासमोर, 1-5-3-7-2-6-4-8, म्हणजे फ्लँज कलत नाही. मग 200 वरच ओळीने गोल फेरी, एकही नट हलेनासा होईपर्यंत. त्या शटडाउनमध्ये (देखभालीसाठी प्लांट बंद असताना) हे सगळं झालं, तरी टेस्टचा दाब चढवताच 5 आणि 6 च्या मधून पाणी झिरपलं.

दाब उतरवून नट तपासले. आठही 200 ला ‘टक्’, म्हणजे लावलेला टॉर्क गाठला की क्लिक रेंच करतो तो आवाज. फीलर गेजच्या पातळ पट्ट्या घालून फट मोजली तेव्हा उलगडा झाला. 2 कडे फट कमी, 6 कडे जास्त.

140 चा राउंड चालू असताना वॉकीटॉकीवर बोलावणं आलं होतं, एका व्हॉल्व्हच्या टॅगवर सही हवी म्हणून. जेमतेम पाच मिनिटं. जाताना सवयीने क्लिक रेंच सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवला, स्प्रिंगवर ताण राहू नये म्हणून. सवय योग्यच, पण कितवा राउंड चालू आहे हे सांगणारी एकमेव खूण तिनेच पुसली. परतल्यावर डोक्यात पक्कं होतं, ‘140 झाले’. झाले होते पाचच. 6, 4, 8 राहिले होते. रेंच 200 वर लावला आणि 1 पासून सुरुवात केली.

म्हणजे 1, 2, 3 ही सलग बाजू 140 वर आणि पलीकडे 5 च्या दोन्ही अंगांचे 4 नि 6 अजून 60 वर. त्यात 200 चा पहिला जोर 1 वर पडला. 2 कडचं ग्रॅफाइट जास्त दबलं, आणि दबलेलं ग्रॅफाइट फारसं वर येत नाही. गोल फेरीने टॉर्क सारखा केला, गास्केट नाही. नवं गास्केट घालून, आट्यांना पुन्हा वंगण लावून सगळं पहिल्यापासून करावं लागलं.

पाच मिनिटं तर फारच झाली. अल्टमन, ट्रॅफ्टन आणि हॅम्ब्रिक यांच्या 2014 च्या प्रयोगात क्रमाने करायच्या कामात सरासरी 2.8 सेकंदांचा व्यत्ययही क्रमाच्या चुका दुप्पट करायला पुरला होता. ‘नीट लक्ष दे’ हा सल्ला म्हणूनच मला पोकळ वाटतो. लक्ष होतंच, जागा हरवली होती.

आता फ्लँजवर मार्करने 1 ते 8 आकडे घालतो. टक् झाला की नटाशेजारी रेघ, दर राउंडला वेगळा रंग. उठावंच लागलं तर त्याआधी पुढच्या नटावर सॉकेट चढवून ठेवतो. आणि राउंड मध्येच तुटला, शंका आली, तर त्याच टॉर्कवर 1 पासून पुन्हा. झालेले नट न हलता किंवा थोडेसेच हलून टक् करतात, राहिलेले फिरतात. दोन-तीन मिनिटं जातात, नुकसान काही नाही. अंदाजाने पुढे गेलं तर गास्केट जातं.

वॉकीटॉकी मदतनिसाकडे असतो. सुपरवायझरला हे अजून रुचत नाही, त्यांना लगेच उत्तर हवं असतं. मदतनीस शांतपणे सांगतो, “साहेब, पाच झालेत, तीन राहिलेत. झाले की पाठवतो.”