आठापैकी सहावा

अ‍ॅम्बेसेडरचं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन मी आजवर पुष्कळ वेळा बांधलंय. पण त्या दिवशी सेल्फ मारायच्या आधी तळहाताला घाम आला होता. ही गाडी दुसरीकडे इंजिन करून आलेली. दोन महिन्यांतच टकटक सुरू झाली. उघडली तर कॅमशाफ्टच्या, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या, दोन लोबांची (त्यावरच्या उंचवट्यांची) नाकं सपाट, आणि लोबांवर टेकून धक्का वर नेणाऱ्या टॅपेटचे तळ बशीसारखे खोलगट. नवा कॅमशाफ्ट घालून पहिल्याच दिवशी तासभर स्लोवर, रेस न देता, ठेवली होती, असं गाडीच्या मालकांनी सांगितलं. घात तिथेच झाला. खालचा क्रँक फिरताना जे तेल उडवतो त्यावरच लोबांना भागवावं लागतं, आणि स्लोवर ते पुरत नाही.

म्हणून यावेळी नवा कॅमशाफ्ट आणि टॅपेट घालताना सगळी तयारी आधी केली. लोबांवर आणि टॅपेटच्या तळाला मॉलिब्डेनमची पेस्ट, झिंक जास्त असलेलं तेल, कार्ब्युरेटरमध्ये हाताने पेट्रोल, ठिणगीचं टायमिंग आधीच बसवलेलं. सेल्फ मारत बसायचं नाही, पहिल्या झटक्यात पेटलीच पाहिजे. आठही पुशरॉडना, म्हणजे टॅपेटवर उभ्या सळयांना, वर पांढऱ्या रंगाचा ठिपका दिला आणि इंजिनाच्या माथ्यावरचं रॉकर कव्हर काढूनच ठेवलं.

पेटली. पोऱ्याने लगेच रेस मिनिटाला २००० फेऱ्यांवर नेली. ऑइल प्रेशर ५० पौंड. मी हातात टॉर्च धरून वाकलो. टॅपेट लोबवर बरोबर मध्यावर टेकत नाही, किंचित बाजूला टेकतो, त्यामुळे तो स्वतःभोवती फिरत राहतो आणि सोबत पुशरॉडलाही फिरवतो. सात ठिपके सावकाश फिरत होते. सहावा नुसता वरखाली.

"बंद कर!"

"मामा, आत्ताच तर लावली!"

"बंद कर म्हणतो ना!"

पुष्कळांना वाटतं, नव्या कॅमशाफ्टची गाडी एकदा चालू केली की वीस मिनिटं थांबायचंच नाही. तसं नाही. बंद केलेली चालते, स्लोवर ठेवलेली चालत नाही.

मॅनिफोल्डखालचं झाकण काढून टॅपेट बाहेर घेतला. तळावर एकच रेघ उमटलेली. लोबवर नख फिरवलं, कुठे अडकलं नाही, तेव्हा जीव भांड्यात पडला. टॅपेट बसतो त्या बोअरच्या, म्हणजे भोकाच्या, वरच्या कडेला मात्र केसाएवढी कड उठली होती. बांधताना प्रत्येक टॅपेट कोरडा टाकून आपल्या वजनाने खाली जातो का, हे मी बघतो. सहाव्याच्या वेळी मालक आले आणि बोलण्यात तो राहून गेला. चूक माझीच, आणि ती मी त्यांना तिथेच सांगितली.

खाली कापड कोंबून कड घासली, कण ग्रीसच्या बोटाने टिपले. नवा टॅपेट टाकला. तेल न लावता. सुळकन खाली गेला. मग पेस्ट लावून पुन्हा बसवला.

दुसऱ्यांदा पेटवली, आणि पहिलं काय बघितलं तर सहावा ठिपका. फिरत होता. मग कव्हर लावलं, आणि वीस मिनिटं १५०० ते २५०० च्या दरम्यान रेस कमीजास्त करत राहिलो. तोवर मालकही माझ्या शेजारी उभेच होते.