पाहुण्यांच्या खोलीतली चादर

घरातल्या माणसांनी घरातल्याच माणसांपासून काहीतरी दडवून ठेवलेले असते, अशा थरारक कादंबऱ्यांत मुडदा सहसा उशिरा पडतो; आधी शंभरेक पाने नुसता संसार चालतो. कपडे वाळत घातले जातात, मुलांची दप्तरे भरली जातात, नवरा उशिरा येतो आणि बाहेर जेवून आल्याचे सांगतो. रहस्याच्या ओढीने वाचणारा माणूस या पानांवरून भरभर पुढे सरकतो आणि नेमका तिथेच फसतो. घरकामाचे वर्णन कुणी लक्ष देऊन वाचत नाही, हे लेखकाला पक्के ठाऊक असते. म्हणून पुरावा लपवायला त्याला तळघर किंवा चोरकप्पा लागत नाही, धुण्याची बादली पुरते. (प्रत्यक्षातही घरकामाकडे आपण काही निराळ्या नजरेने पाहत नाही, पण तो वेगळा विषय.)

समजा, चाळिसाव्या पानावर एवढेच आहे, की सोमवारी तिने पाहुण्यांच्या खोलीतली चादर बदलली. तीनशेव्या पानावर कळते, की त्या महिन्यात घरात पाहुणा आलाच नव्हता. मग त्या पानात बोट अडकवून आपण मागे मागे जातो, आणि ते वाक्य अगदी उघड्यावर, निर्लज्जपणे बसलेले सापडते. कलाटणीच्या धक्क्यापेक्षा मला ही उलटतपासणी अधिक प्रिय आहे, कारण लेखक कुठे चक्क खोटे बोलला आणि कुठे नुसता गप्प राहिला, याचा हिशेब तेव्हाच लागतो.

गप्प राहण्याचे कसब तसे जुनेच. अगाथा ख्रिस्तीच्या १९२६ सालच्या एका कादंबरीत (नाव सांगत नाही, कुणाचा विरस नको) आठ चाळीस आणि आठ पन्नास या दोन वेळा लागोपाठच्या वाक्यांत येतात आणि मधली दहा मिनिटे निवेदक सफाईने गिळून टाकतो. ही फसवणूक आहे, असे म्हणणारे वाचक तेव्हाही होते. मला ते पटत नाही; घड्याळ तर त्याने आपल्यासमोरच ठेवले होते.

पॅट्रिक हॅमिल्टनच्या १९३८ सालच्या ‘गॅस लाइट’ या नाटकात तर घरातला दिवाच चुगली करतो. नवरा बाहेर पडला, की खोलीतली ज्योत मंदावते, कारण वरच्या बंद मजल्यावर कुणीतरी दुसरा दिवा लावलेला असतो आणि गॅसचा दाब विभागला जातो. नवरा बायकोला वेडी ठरवू पाहतो. पण ज्या बारकाव्यांवरून आपण वाचक घाईने पुढे निघून जातो, ते त्या घरात तिने एकटीने टिपलेले असतात.

हल्ली मात्र शेवटच्या दहा पानांत तीन-तीन कलाटण्या कोंबण्याची टूम निघाली आहे, आणि त्यांतली एखादी हमखास स्मृतिभ्रंशावर किंवा अचानक उगवलेल्या जुळ्या बहिणीवर बेतलेली असते. पूर्वसूचना दिल्याखेरीज जुळी भावंडे कथेत आणू नयेत, असा नियम इंग्रज रहस्यकथाकार रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ सालीच घालून दिला होता. त्यांचे बाकीचे नियम लेखकांनी खुशाल मोडावेत; एवढा एक मोडला, की मी मागची पाने उलटायची तसदीसुद्धा घेत नाही.