कुंभार्ली घाटात तुटलेली क्लच वायर

कोजागिरीच्या आदल्या दिवशी कराडहून चिपळूणला जाताना कुंभार्ली घाटात माझ्या मोटरसायकलची क्लच वायर तुटली. गाडी ढकलत न्यावी लागली नाही, टेम्पोत घालावी लागली नाही आणि दिवेलागणीपूर्वी मी चिपळुणात पोहोचलोही. परंतु त्याआधीची पंधरा-वीस मिनिटे मी रस्त्याच्या कडेला पूर्ण हतबल होऊन उभा होतो, आणि त्या हतबलतेचे कारण निव्वळ अज्ञान होते. २२ वर्षे मोटरसायकल चालवूनही, क्लच गेल्यावर गाडी चालते की नाही, हा साधा प्रश्न मला कधी पडला नव्हता. तो दिवस ज्यांच्या वाट्याला अजून आलेला नाही, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहीत आहे.

पाटण आणि हेळवाक मागे टाकून घाटमाथ्यावरून उताराला लागलो होतो. एका अरुंद वळणावर समोरून भरलेला ट्रक चढत येत होता. त्याला जागा द्यावी म्हणून वेग कमी केला, दुसऱ्या गिअरमधून पहिला टाकण्यासाठी क्लच दाबला, आणि बारीकसा ‘टक्’ आवाज होऊन लिव्हर थेट मुठीला टेकली. क्लच दाबला आहे असे हाताला वाटत असताना इंजिन मात्र चाकाला जोडलेलेच होते. त्यामुळे ब्रेक लावताच गाडीने दोन हिसके दिले आणि ती बंद पडली. हे उतारावर, डाव्या बाजूला मोकळी जागा असताना घडले हे सुदैव. हाच प्रकार शहरातल्या सिग्नलजवळ घडला असता, तर पहिल्या गिअरमधली गाडी पुढच्या वाहनावर गेली असती. अशा क्षणी गिअर शोधत बसू नये; दोन्ही ब्रेक लावावेत आणि उजव्या मुठीजवळचा इंजिन बंद करण्याचा लाल खटका दाबावा.

लिव्हरवरची रबरी टोपी मागे सारून पाहिले. वायरच्या टोकाला ओतलेले धातूचे निपल लिव्हरच्या खाचेत जसेच्या तसे बसलेले होते आणि त्याच्या अगदी मुळाशी तारांचा झुपका विस्कटून बाहेर आला होता. आपण जिला क्लच वायर म्हणतो ती एकसंध तार नसते. पोलादाच्या अनेक बारीक तारा पिळून केलेला तो दोर असतो, आणि तो वेटोळ्यांच्या लवचीक नळीतून इंजिनापर्यंत जातो. नळीची दोन्ही टोके घट्ट टेकलेली असतात, म्हणूनच दोर वळणे घेत गेला तरी हाताची ओढ शेवटपर्यंत पोहोचते. ही कल्पना बोडेन नावाच्या गृहस्थांनी १८९६ साली ब्रिटनमध्ये पेटंट करून घेतली होती, आणि सायकलच्या ब्रेकपासून माझ्या मोटरसायकलच्या क्लचपर्यंत ती आजही त्याच रूपात काम करते.

मी फोनला रेंज मिळते का ते पाहत असताना दुधाचे रिकामे कॅन लावलेला एक मोटरसायकलस्वार माझ्यापाशी थांबला. त्याने तुटलेले टोक पाहिले आणि विचारले, “खालीच जायचंय ना दादा? मग थांबलाय कशाला? क्लच तुटलाय, गाडी नाही तुटलेली.” पुढची पाच मिनिटे त्याने मला जे समजावून सांगितले, ते मला शिकाऊ परवाना घेतानाच कुणीतरी सांगायला हवे होते.

क्लचच्या प्लेटा स्प्रिंगांच्या दाबाने एरवी एकमेकींना चिकटलेल्याच असतात. आपण लिव्हर दाबतो तेव्हा वायर इंजिनाजवळचा एक आखूड दांडा फिरवते, त्यामुळे तो दाब उचलला जातो आणि इंजिन चाकापासून सुटे होते. म्हणजे वायर जोडण्यासाठी नव्हे, सोडवण्यासाठी असते. ती तुटली की इंजिन आणि चाक कायमचे जोडलेले राहतात, आणि रस्त्यावर धावणारी गाडी नेमक्या याच अवस्थेत असते. अडचण येते ती केवळ निघताना, थांबताना आणि काही प्रमाणात गिअर बदलताना. ब्रेकचा क्लचशी काही संबंध नसतो, आणि उतारावर इंजिनाचा जो रोध हवा असतो तो तर पुरेपूर मिळतो. हे कळले आणि माझी अर्धी भीती तिथेच संपली.

निघण्याचा प्रश्न घाटानेच सोडवला. गाडी न्यूट्रलमध्ये सुरू केली, ब्रेक सोडून उतारावर चार-पाच मीटर घरंगळू दिली आणि माणूस धावेल इतपत वेग आल्यावर पायाने दुसरा गिअर टाकला. एक हिसका बसला आणि गाडी चालू लागली. पहिल्याऐवजी दुसरा गिअर टाकायचा, कारण त्यात हिसका कमी बसतो. सपाट रस्त्यावर हेच काम गाडी ढकलत धावून आणि मग बसून करावे लागते, ते दमवणारे असते आणि जड गाडीला मागून दुसरा माणूस लागतोच. पहिला गिअर टाकून थेट स्टार्टर मारण्याचाही एक मार्ग आहे. ज्या गाड्या क्लच दाबल्याशिवाय गिअरमध्ये सुरू होत नाहीत, त्यांच्या लिव्हरजवळचा स्विच वायर तुटल्यावरही काम करतो, म्हणून लिव्हर दाबून धरावी लागते. मात्र त्यात गाडी सुरू होण्याआधीच झेप घेते आणि स्टार्टरवर फार ताण येतो. समोर मोकळी जागा नसेल तर तो मार्ग मी कुणालाही सुचवणार नाही.

चालत्या गाडीत क्लचशिवाय गिअर बदलता येतो, यावर माझा प्रत्यक्ष केल्याशिवाय विश्वास बसला नसता. वरचा गिअर टाकायचा असेल तर गिअरच्या दांड्यावर पायाचा हलका दाब आधीच देऊन ठेवायचा आणि रेस क्षणभर पूर्ण सोडायची; दातांवरचा ताण निघतो त्या क्षणी गिअर आपोआप सरकतो. लोणी कापल्यासारखा सरकला तर वेळ साधली असे समजावे, खट्कन वाजला तर रेस उशिरा सुटली असे समजावे. खालचा गिअर टाकताना उलटे करायचे: वेग पुरेसा कमी होऊ द्यायचा आणि रेसचा एक लहानसा झटका देऊन त्याच क्षणी पाय दाबायचा. मला पहिले तीन प्रयत्न साधले नाहीत, म्हणून संपूर्ण घाट दुसऱ्या गिअरमध्येच उतरलो आणि पुढच्या सरळ पट्ट्यावर तिसऱ्याचा सराव केला. एक गोष्ट दूधवाल्याने दोनदा बजावली होती, ती मीही बजावतो: गिअर जमत नाही म्हणून घाटात गाडी न्यूट्रलमध्ये सोडू नये. सगळा भार ब्रेकवर येतो, आणि वेग एकदा वाढला की गिअर पुन्हा टाकणे अधिकच कठीण होते.

थांबण्याची तयारी मात्र खूप आधी करावी लागते. गाडी अजून हळूहळू पुढे जात असतानाच पहिल्या आणि दुसऱ्या गिअरच्या मध्ये न्यूट्रल शोधायचे आणि मगच पूर्ण ब्रेक लावायचा. न्यूट्रल सापडले नाही तर लाल खटका दाबून इंजिन बंद करायचे. एका वळणावर वर येणाऱ्या एसटीसाठी मला असेच थांबावे लागले आणि खटकाच कामी आला. हे सगळे मोकळ्या रस्त्यावर, दिवसाउजेडी आणि तातडीपुरते करण्याचे काम आहे. पुण्याच्या संध्याकाळच्या गर्दीत वायर तुटली असती, तर मी गाडी कडेला लावून रिक्षाने घरी गेलो असतो.

पोफळी ओलांडून शिरगावला आलो आणि रिक्षा थांब्याजवळ गाडी उभी केली. रिक्षावाल्यांकडे जाण्याची बुद्धी झाली ती वडिलांच्या चेतकमुळे. त्या स्कूटरच्या डिकीत एक प्लग, प्लग पाना आणि गुंडाळी करून ठेवलेल्या क्लच व ॲक्सिलरेटरच्या सुट्या तारा कायम असत. तार तुटली तर नळी तशीच ठेवून केवळ आतली तार बदलायची आणि खालच्या टोकाला ती स्क्रूने आवळायची. रिक्षावाल्यांच्या पिढ्या त्याच पद्धतीवर वाढलेल्या आहेत. थांब्यावरच्या एका वयस्कर काकांनी माझ्या वायरीकडे नजर टाकली आणि सीटखालच्या डब्यातून स्क्रूचे निपल काढले.

पुढचे काम त्यांनी माझ्याकडूनच करवून घेतले. आधी वरचा आणि खालचा असे दोन्ही ॲडजस्टर पूर्ण आत फिरवले, म्हणजे आतल्या दोराला जास्तीत जास्त ढील मिळाली. मग विस्कटलेले टोक पिळाच्या दिशेनेच पुन्हा वळून पकडीने सरळ कापले, ते निपलच्या भोकातून ओवले आणि स्क्रू आवळला. “आवळा, अजून आवळा, पण तारा चिरू नका,” असे ते सांगत होते. शेवटी खालचा ॲडजस्टर बाहेर घेऊन ताण जुळवला. क्लच पूर्ण सुटत नव्हता, पण सुटत होता. असे निपल कधी सरकेल याचा नेम नसतो, म्हणून चिपळूणपर्यंत मी ते शक्य तितके कमी वापरले. काकांनी पैसे घ्यायला नकार दिला; निपलचे तरी घ्या म्हटल्यावर वीस रुपये घेतले.

चिपळुणात नवी वायर बसवल्यानंतर जुनीचे टोक मी उजेडात नीट पाहिले. थोड्याच तारांची टोके चकचकीत होती. बाकीच्यांवर तांबूस गंज चढलेला होता. म्हणजे त्या दिवशी घाटात शेवटच्या तारा तुटल्या, बाकीच्या आधीच एकेक करून तुटत आल्या होत्या. याचे कारण निपलमध्ये आहे. लिव्हर दाबताना निपलने खाचेत किंचित फिरायचे असते. तिथे वंगण नसेल, धूळ आणि पावसाचे पाणी साचले असेल, तर ते फिरत नाही आणि प्रत्येक वेळी त्याच्या मुळाशी दोर वाकतो. लोखंडी तार एकाच जागी मागेपुढे वाकवत राहिले की ती तुटते, तेच इथे हजारो वेळा घडते. माझ्या लिव्हरवरची रबरी टोपी फाटलेली होती आणि तशाच अवस्थेत गाडीने पूर्ण पावसाळा काढला होता.

सूचना मिळाली नव्हती असेही नाही. आदले दोन आठवडे क्लच दाबताना मध्येच बारीक करकर लागत होती. लिव्हरचा सैलपणा वाढला म्हणून मी दोनदा ॲडजस्टर फिरवला, आणि तुटत चाललेल्या दोराला आणखी ताण दिला. सिग्नलला न्यूट्रल सापडेनासे झाले होते. प्रवासाला निघण्यापूर्वी एका गॅरेजमध्ये सर्व्हिसिंग करून घेतले होते. तिथे वायर कुणी पाहिली नाही आणि मीही पाहायला सांगितले नाही. रबरी टोपी मागे सारून निपलचे मूळ पाहायला एक मिनिट पुरते, आणि एक जरी तार तुटून वर आलेली दिसली तरी वायर बदलावी, कारण तिथून पुढे ती किती दिवस टिकेल याचा अंदाज करता येत नाही.

नवी वायर टाकताना एक युक्ती उपयोगी पडली. जुनी काढण्याआधी तिच्या एका टोकाला नवीचे टोक चिकटपट्टीने बांधले आणि जुनी ओढत गेलो, म्हणजे नवी वायर नेमक्या त्याच मार्गाने टाकीखालून गेली. मार्ग चुकला आणि कुठे तीव्र वळण आले की घर्षण वाढून क्लच जड होतो. नंतर हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहिले, सैलपणा कुठेही बदलत नव्हता. तो माझ्या गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे लिव्हरच्या टोकाशी १० ते २० मिलिमीटर हवा. तो मुळीच ठेवला नाही तर क्लच अर्धवट उचललेला राहून प्लेटा घसरतात आणि झिजतात. अनेकांना ताठ क्लच आवडतो, पण त्या आवडीची किंमत वायरीपेक्षा कितीतरी जास्त असते. निपलला आणि लिव्हरच्या खिळ्याला थोडे ग्रीस लावले आणि फाटकी रबरी टोपीही बदलली.

आता आणखी एक नवी वायर मी जुनीला समांतर टाकून, पट्ट्यांनी बांधून ठेवली आहे. तिच्या दोन्ही टोकांना पाणी शिरू नये म्हणून प्लास्टिक गुंडाळले आहे. सीटखाली दहा नंबरचा पाना, पक्कड आणि शिरगावच्या काकांच्या हातचे ते स्क्रूचे निपल आहे.