इमर्शन शाळा काढताय? आधी पाचवीचा पट मांडा

इमर्शन शाळा म्हणजे मुलांना नवी भाषा वेगळा विषय म्हणून न शिकवता गणित, विज्ञान असे विषयच त्या भाषेतून शिकवणारी शाळा. समजा अशा शाळेत बालवर्गाच्या दोन तुकड्या भरल्या, प्रत्येकी २४ मुलांच्या. पट झाला ४८. मग कुणी घर बदलतं, कुणाच्या पालकांचा धीर सुटतो. दर वर्षी आठ टक्के मुलं जातात असं धरलं, तर पाचवीत ३२च्या आसपास उरतात. साध्या शाळेत ही गळती जाणवत नाही, कारण जागा रिकामी झाली की नवं मूल येतं. इमर्शन शाळेत तसं होत नाही. तिसरीचं गणित ज्या भाषेत चाललंय ती अजिबात न येणारं मूल त्या वर्गात बसवणं त्याच्यावरच अन्याय आहे. मग पाचवीत १६-१६च्या तुकड्या दिसतात, प्रशासन त्या एकत्र करतं आणि एक शिक्षक जातो. एकाच तुकडीने सुरू केलेल्या शाळेत तर पाचवीत १६च मुलं उरतात, आणि खर्चकपातीत पहिली नजर अशाच वर्गावर जाते. दोन तुकड्या भरण्याइतकी मुलं नसतील तर वर्षभर थांबावं, असं माझं ठाम मत आहे. प्रतीक्षा यादीही बालवर्गापुरती न ठेवता पहिलीच्या सहामाहीपर्यंत चालू ठेवावी.

अनेक भाषांच्या वस्तीत गळतीवर एक चांगला उपाय हाताशी असतो. शाळेत जी भाषा शिकवायची (तिला पुढे ‘शाळेची भाषा’ म्हणतो) तीच घरी बोलणारं मूल चौथीतही येऊ शकतं. म्हणून त्या समाजाच्या संस्थांशी, प्रार्थनास्थळांशी, नव्याने आलेल्या कुटुंबांना मदत करणाऱ्यांशी वर्षभर संपर्क हवा. प्रवेशाच्या आठवड्यात पत्रकं वाटून भागत नाही.

वर्गात कोण बसणार, हा त्याहून मोठा निर्णय. कॅनडात सेंट लँबर्टला १९६५मध्ये सुरू झालेल्या वर्गात मुलं इंग्रजी घरांतली होती आणि फ्रेंच मुख्यतः शिक्षकांकडूनच कानावर पडत होती. अशा वर्गांतल्या मुलांचं ऐकणं आणि वाचणं फ्रेंच मुलांच्या जवळपास पोचतं, हे पुढे अनेकदा दिसलं. बोलण्यातल्या आणि व्याकरणाच्या चुका मात्र वर्षानुवर्षं टिकतात. मायामीतल्या कोरल वे शाळेने १९६३मध्ये वेगळी वाट धरली होती. तिथे स्पॅनिश बोलणारी आणि इंग्रजी बोलणारी मुलं एकाच शाळेत दोन्ही भाषा शिकू लागली. मिश्र वस्तीला हीच रचना मानवते. प्रत्येक तुकडीत निदान एक तृतीयांश मुलं शाळेची भाषा घरून घेऊन आलेली असावीत. त्याहून कमी असली की मधल्या सुट्टीत सगळे बहुसंख्यांच्या भाषेवर घसरतात.

राहिली ती मुलं, ज्यांच्या घरी शाळेची भाषाही नाही आणि बहुसंख्यांचीही नाही. त्यांना कागदावर बहुसंख्यांच्या भाषेच्या रकान्यात टाकू नका. त्यांच्यासाठी या दोन्ही भाषा नव्या असतात आणि आधार दोन्हींसाठी लागतो. अर्जावरच्या उत्तरावरही विसंबू नये. मुलाचा फायदा होईल या आशेने किंवा भीतीपोटी पालक बहुसंख्यांची भाषा लिहून मोकळे होतात. समोर बसवून विचारा: मूल पहिले शब्द कोणत्या भाषेत बोललं? आजी-आजोबांशी काय बोलतं? रागावल्यावर उत्तर कोणत्या भाषेत देतं?

मग येते शिक्षकांची बेरीज. ५०:५० रचनेत निम्मा वेळ शाळेची भाषा असते आणि निम्मा बहुसंख्यांची; दोन भाषांच्या दोन शिक्षकांची जोडी दोन तुकड्या आलटून-पालटून घेते. बालवर्ग ते पाचवी म्हणजे १२ तुकड्या, त्यांना शाळेच्या भाषेचे ६ शिक्षक पुरतात. ९०:१० रचनेत बालवर्ग आणि पहिलीत ९० टक्के वेळ शाळेची भाषा असते, मग ती दर वर्षी दहा टक्क्यांनी उतरत पाचवीत निम्म्यावर येते. तिसरीपर्यंतच्या ८ तुकड्यांना प्रत्येकी एक शिक्षक लागतो, चौथी-पाचवीला मिळून आणखी दोन, म्हणजे १०. शिवाय खालच्या वर्गांतल्या बहुसंख्यांच्या भाषेच्या तासिका कुणी घ्यायच्या? दिवसाला ३०० मिनिटं अध्यापन धरलं तर त्या ४२० मिनिटं भरतात, जवळपास दीड शिक्षकाचं काम. हा दीड शिक्षक अंदाजपत्रकात हमखास विसरला जातो.

भाषा जास्त पक्की होते ती ९०:१०मध्ये, आणि शिक्षक मिळणार असतील तर मी तीच रचना सुचवेन. पण दहा पात्र शिक्षकांची नावं समोर नसतील तर ५०:५० प्रामाणिकपणे चालवलेली बरी. प्रामाणिकपणे अशासाठी, की मिनिटं गळतात. परिपाठ, खेळ, संगीत, ग्रंथालय, सूचना सगळं बहुसंख्यांच्या भाषेत गेलं की कागदावरचे ५० टक्के प्रत्यक्षात ३५ होतात. शिक्षक आजारी पडले आणि बदली शिक्षकाला भाषा येत नसली, तर तो अख्खा दिवस गेला. भाषा येणाऱ्या बदली शिक्षकांची यादी शाळा उघडण्याआधी तयार हवी.

वर्गात काय घडायला हवं, ते एका तासिकेतून पाहा. पहिलीचा विज्ञानाचा तास. पाण्याने भरलेलं घमेलं, खडा, बूच, पान, चमचा. शिक्षक प्रत्येक वस्तू उचलून नाव घेतात, पाण्यात सोडतात, ‘बुडलं’, ‘तरंगलं’ म्हणत हाताने दाखवतात. फळ्यावर अर्धं वाक्य: ‘मला वाटतं ___ बुडेल, कारण ___’. मूल घरच्या भाषेत ओरडतं, ‘ते हलकं आहे!’ शिक्षक त्याला गप्प करत नाहीत आणि भाषांतरही करत नाहीत. तेच वाक्य शाळेच्या भाषेत म्हणतात आणि मुलाकडून पुन्हा म्हणवून घेतात. हे ‘म्हणवून घेणं’ सुटलं की मुलं सगळं समजतात, पण बोलत नाहीत. नुसती भाषा येणारा शिक्षक पुरत नाही तो इथेच, म्हणून नेमणुकीआधी नमुना पाठ घ्यायला लावा.

पुस्तकांचा पेच तिसरीपासून सुरू होतो. भाषेच्या मूळ प्रदेशातून मागवलेली त्याच इयत्तेची पुस्तकं मुलांना भाषेमुळे जड जातात आणि भाषेने सोपी असलेली बालिश वाटतात. विज्ञान आणि परिसर अभ्यासाचं साहित्य स्वतःच तयार करावं लागतं, आणि त्याचं काम तिसरीचा वर्ग भरण्याच्या दोन वर्षं आधी सुरू व्हायला हवं.

पालकांना प्रवेशापूर्वीच लेखी सांगा की दुसरी-तिसरीत बहुसंख्यांच्या भाषेतल्या वाचनाचे गुण मागे पडलेले दिसू शकतात. सेंट लँबर्टच्या मुलांचंही इंग्रजी वाचन आधी मागे होतं आणि इंग्रजीचे तास सुरू झाल्यावर ती बरोबरीला आली. हे आधी सांगितलं नाही तर तिसरीचा निकाल लागताच दाखले मागायला रांग लागते. अध्ययनात अडचण असलेल्या मुलांना ‘एकाच भाषेच्या शाळेत घाला’ असा सल्ला सरसकट देऊ नये. अडचण दोन्ही भाषांत दिसते का हे तपासावं आणि आधार देणारा शिक्षकही द्विभाषिक असावा.

प्रवेश सोडतीने द्या, पण घरच्या भाषेच्या गटांसाठी वेगवेगळ्या सोडती काढा आणि शेजारच्या वस्तीसाठी जागा राखा. बससेवा नसेल तर गाडी असलेल्या घरांचीच मुलं उरतात आणि ज्या समाजाची भाषा शिकवायची तोच समाज दाराबाहेर राहतो. सहावीपासून पुढे किमान दोन विषय शाळेच्या भाषेत कुठल्या शाळेत चालतील, याचा लेखी करार बालवर्गाची पहिली सोडत निघण्याआधी झालेला असावा.